उतारवयातले मिशनरी : प्रवचन कमी, पाना-पकड जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर परदेशी सेवेला जाणाऱ्या नवराबायकोंवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाठोपाठ आलेली वाचकांची पत्रेही वाचली. काहींना त्यात थोर त्याग दिसला, काहींना धर्मांतराचे कारस्थान. पण अशी जोडपी सकाळपासून संध्याकाळपर्यंत करतात तरी काय, हे एकाही पत्रात नव्हते. ते कळल्याशिवाय कौतुक आणि टीका दोन्ही हवेतच राहतात, म्हणून हे लांबलेले पत्र.

आपल्याकडे मिशनरी म्हटले की मिरजेचे वानलेस आठवतात. १८८९ साली तरुणपणी ते हिंदुस्थानात आले आणि १९२८ साली निवृत्त झाले. तारुण्यात यायचे आणि हाडे झिजेपर्यंत राहायचे, ही त्या काळची रीत. कित्येकांची हाडे इथेच राहिली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने गेले. आजच्या ज्येष्ठ जोडप्यांचे गणित याच्या नेमके उलटे आहे. नोकरी-धंदा उरकलेला, मुले मार्गी लागलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि मुक्काम फार तर दीड-दोन वर्षांचा.

ही पद्धत सर्वांत काटेकोरपणे बसवली आहे ती अमेरिकेतल्या युटा राज्यात मुख्यालय असलेल्या 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'ने, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांनी. आपल्याकडे बंगळूरला १९९३ पासून त्यांचे मिशन आहे. पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावून फिरणारी अठरा-वीस वर्षांची मुले ती यांचीच. ज्येष्ठ जोडप्यांनाही तीच नावपट्टी मिळते, नवऱ्याला 'एल्डर' आणि बायकोला 'सिस्टर' म्हणतात, पण साम्य जवळपास तिथेच संपते. मुले दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी, आणि कुठे पाठवायचे ते चर्च ठरवते. जोडप्यांना ६, १२, १८ किंवा २३ महिने असा कालावधी निवडता येतो. कोणत्या प्रकारचे काम जमेल आणि कुठे जायला आवडेल हेही कळवता येते, अंतिम नेमणूक मात्र वरून येते. घरोघर दारे ठोठावण्याची त्यांच्याकडून अपेक्षा नसते. मुलांचे पहाटेपासूनचे कडक वेळापत्रकही त्यांना लागू नसते.

आता पैशांचे बघू, कारण 'यांना पगार किती मिळतो' हा प्रश्न हमखास येतो. पगार शून्य. उलट राहणे, खाणे, विमा, औषधे हा सगळा खर्च जोडप्याने स्वतःच्या बचतीतून करायचा. २०११ साली चर्चने एक सवलत दिली. परदेशी जाणाऱ्या जोडप्याच्या घरभाड्याच्या वाट्याला महिना १,४०० डॉलरची कमाल मर्यादा ठरवली आणि त्यावरचे भाडे स्वतःकडे घेतले. हेतू हा, की जास्त जोडप्यांना जाता यावे. त्याग वगैरे ठीक आहे, पण टोकियोचे भाडे पेन्शनीतून कसे निघायचे? भाड्यापेक्षा मोठा खड्डा वैद्यकीय विम्याचा. अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी मेडिकेअर योजना देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेमचीही तीच गत, आणि प्रवास विमा आधीचे आजार हळूच वगळतो. कलम बारीक अक्षरात असते आणि साठीनंतर आधीचा आजार नसलेला माणूस शोधून सापडत नाही.

उदाहरणादाखल एकच देश घेऊ, पश्चिम आफ्रिकेतला घाना. या चर्चचा तिथला आरंभच ज्येष्ठ जोडप्यांनी केला. १९७८ च्या नोव्हेंबरात नायजेरिया आणि घानासाठी जे पहिले मिशनरी पाठवले गेले, ती दोन उतारवयातली जोडपी होती, रेंडेल व रेचल मेबी आणि एडविन व जेनथ कॅनन. मुदत एक वर्षाची. ते पोचण्याच्या आधीच तिथल्या लोकांनी आपापल्या मंडळ्या चालवल्या होत्या. त्यामुळे या चौघांच्या कामात नोंदी करणे, माणसे नेमणे आणि हिशेब शिकवणे याला बरीच जागा होती. ज्येष्ठांच्या कामाचा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

आज राजधानी अक्रासारख्या शहरात मिशनच्या कार्यालयात बसणाऱ्या जोडप्याचा दिवस कशात जातो? एका मिशनमध्ये शे-दीडशे तरुण मिशनरी, दोन-दोन, चार-चार जण एका भाड्याच्या घरात. दर सहा आठवड्यांनी बदल्या. म्हणजे तितकी भाडेपत्रे, वीजबिले, गळके नळ, रहिवासी परवान्यांची नूतनीकरणे, आणि बदलीच्या दिवशी बसस्टँडवर हरवलेल्या बॅगा. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडे घेता येत नाही, पण घरमालक सर्रास वर्षाचे, दोन वर्षांचे मागतात. पुण्यातल्या हेवी डिपॉझिटची आठवण यावी असाच प्रकार. इथे चूक झाली तर ती महाग पडते, कारण पैसे भरून झाल्यावर कळते की दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. म्हणून जाणकार जोडपे घर बघायला संध्याकाळी सहाच्या सुमारास जाते. सगळ्या मजल्यांवर नळ सुटलेले असतात तेव्हाच दाब कळतो. भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर मिठासारखे पांढरे फुलले आहे का, ते हात लावून बघतात. मीटर वेगळा आहे की घरमालकाशी सामाईक, हे कागदावर लिहून घेतात.

घरांची तपासणी हे सिस्टरचे काम आणि भांडी चकचकीत आहेत का ते बघायचे, असा समज आहे. तो अर्धाच खरा. खरी तपासणी जिवाची असते. स्वयंपाकाच्या गॅसची नळी कडक होऊन चिरली आहे का, गिझर बंद न्हाणीघरात आहे का, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रे बटण दाबल्यावर वाजतात का. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, मळमळते आणि पोरे 'काल बाहेरचे खाल्ले' म्हणून झोपून जातात. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने काय होते, ते आपल्याकडच्या बातम्यांतूनही ठाऊक आहे. या यंत्रांना आयुष्य असते. आतला सेन्सर साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, बॅटरी नवी घातली तरी. मागच्या बाजूला छापलेली तारीख वाचायची आणि वहीत टिपून ठेवायची. पोरांनी रात्री टुकटुक वाजते म्हणून यंत्राची बॅटरी काढून रेडिओत घातलेली असते, हेही गृहीत धरायचे.

पाण्याच्या गाळणीचेही तसेच. चिनीमातीची कांडी मऊ ब्रशने, साबण न लावता धुवायची. तिला केसाएवढी चीर गेली तरी ती टाकून द्यायची, कारण पाणी सोपा रस्ता शोधते आणि जंतू त्याच चिरेतून उतरतात. धड कांडी जिवाणू अडवते, विषाणू नाही. त्यामुळे गाळल्यावरही खळखळून एक मिनिट उकळणे आलेच. घानात अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशव्यांत पाणी मिळते, लोक त्याला 'प्युअर वॉटर' म्हणतात आणि कोपरा दातांनी फोडून पितात. पिशवी आधी पुसावी, आणि उन्हात ढीग मांडलेल्या दुकानातून घेऊ नये.

दुसऱ्या प्रकारची जोडपी मानवतावादी कामावर असतात, आणि इथे आम्हा सोलापूरकरांची कॉलर थोडी ताठ होते. विहिरी आणि हातपंप हे या जोडप्यांचे एक नेहमीचे काम. आफ्रिकेत ठिकठिकाणी दिसणारा 'इंडिया मार्क टू' हातपंप कुठून आला? महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागात ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावच्या वापराखाली मोडत होते, तेव्हा जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या पाणी-कामांतून पोलादी पंप निघाले. त्यांतल्या सोलापूर पंपाच्या आधारावर युनिसेफ आणि भारत सरकारने १९७० च्या दशकात मार्क टू बसवला. एकाच खिळीवर फिरणारा दांडा, त्याच्या टोकाला कमानीवरून जाणारी साखळी आणि साखळीला लटकलेली सळई. साखळीमुळे सळई सरळ खाली-वर होते, कडेला घासत नाही. एवढी साधी युक्ती. मिनिटाला चाळीसेक दांडे मारले तर बारा लिटरच्या आसपास पाणी येते. अंदाजे तीनशे माणसांमागे एक पंप धरतात.

मग तो बंद का पडतो? सर्वांत आधी वॉशर झिजतात. वॉशर स्वस्त, पण ते तळाच्या सिलिंडरात. मार्क टूमध्ये ते बदलायचे तर तीन-तीन मीटरचे सगळे पाइप वर खेचावे लागतात. ४५ मीटर खोलीला पंधरा पाइप, सळया धरून दीडशे किलोच्या वर वजन. हे दोन म्हाताऱ्यांचे काम नव्हे आणि गावातल्या एका हौशी पोराचेही नव्हे. पाइप पकडणाऱ्या शिकंज्या आणि चार-पाच माणसे लागतात. शिकंजी नसेल तर निसटलेला पाइप थेट बोअरच्या तळाशी, आणि बोअरच बाद. मार्क थ्रीत वरचा पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येतो. पण पाइप महाग पडतो. दुसरे दुखणे गंजाचे. घानात बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप त्यात पोखरले जातात, सकाळचे पहिले पाणी तांबूस येते, त्यात भात काळवंडतो, कपड्यांवर डाग पडतात, आणि बाया मुकाट्याने पुन्हा ओढ्यावर जातात. पंप चालू असतो, नोंदीत 'यशस्वी' असतो, आणि त्याचे पाणी कोणी पीत नाही. म्हणून घानाने मार्क टूमध्ये न गंजणाऱ्या पाइपांचा बदल करून घेतला. सामान मागवताना जोडप्याने आधी पाण्याचा सामू (पीएच) तपासायचा, तो साडेसहाच्या खाली असेल तर जस्ताचे पाइप घ्यायचेच नाहीत. उद्घाटनाची फीत कापण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत. पाणी समितीत बायका किती, महिन्याला घरटी पैसे किती, ते कोणाच्या नावाने कुठे ठेवलेत, आणि सुटे भाग मिळणारे सर्वांत जवळचे दुकान किती लांब. फोटो नंतर.

तब्येतीबद्दल मोजकेच, पण नीट वाचावे. घानात उतरायला पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. ते टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. भारतात परतताना ते नसेल तर विलगीकरणात बसवतात. गोम अशी की साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. आदल्या आठवड्यात केंद्रावर जाऊन हात पुढे करण्याची ही गोष्ट नाही, आपल्या डॉक्टरांशी दोन-तीन महिने आधी बोलावे. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन दिले तर रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. घरी पोचल्यावर गोळ्या सोडल्या आणि तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरली, ही नेहमीची चूक. ही गोळी झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेऊ नये, अन्ननलिकेत चिकटून जखम करते. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये. उन्हात कातडी भाजते, म्हणून बाह्या लांब. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याच्याशी हिचे जुळत नाही, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

बाकी औषधांची यादी मूळ नावाने करावी, ब्रँडच्या नावाने नव्हे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणून मिळते, मग ब्रँडची काय कथा. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या डब्यात टाकलेले इन्सुलिन गोठले तर फेकावे लागते, दिसायला ते चांगलेच दिसते. चष्म्यांचे दोन जोड घ्यावेत, दाताचे अर्धवट काम जाण्याआधी पुरे करावे. घानात वीज जाण्याला 'डमसोर' म्हणतात, म्हणजे 'बंद-चालू'. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्याने बॅटरीची सोय केल्याशिवाय जाऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत सहाराकडून हरमॅटन वारा सुटतो, धूळ बारीक आणि हवा कोरडी. दमेकऱ्यांनी आपली मुदत या हिशेबाने आखावी. बीपीवाल्यांना सांगायचे तर, रस्सा घरात कितीही अळणी ठेवा, बाहेरच्या रश्शात मसाल्याच्या वड्या असतात आणि त्यांत मीठच मीठ.

शरीर सांभाळले तरी एक गोष्ट राहते, ती कोणत्याही अर्जात विचारत नाहीत. चाळीस वर्षे एकाने ऑफिस आणि दुसऱ्याने घर सांभाळले, किंवा दोघांनी दोन ऑफिसे. आता एकच छोटे घर, एकच गाडी, एकच टेबल. नवरा माजी व्यवस्थापक असेल तर तो सिस्टरलाही कारकून समजू लागतो. तिला तिथल्या बाजारात पंधरा दिवसांत भाव कळतात, भाषेतले चार शब्द येतात, लोक तिला नावाने हाक मारू लागतात, आणि तो अजून तक्तेच आखत असतो. इथून खटके सुरू होतात. मुरलेली जोडपी पहिल्याच महिन्यात कामे वाटून घेतात. हिशेब एकाकडे, घरे दुसऱ्याकडे, आणि आठवड्यातला एक दिवस नावपट्टी खुंटीला. गाडी कोण चालवणार हेही आधीच ठरलेले बरे. घानात १९७४ पासून वाहने उजव्या बाजूने चालतात. अमेरिकी जोडप्याला ते सवयीचे, आपल्याकडच्या माणसाची चौकात तारांबळ. काही गोष्टींत मात्र मराठी माणूस पुढे असतो. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये हे त्याला शिकवावे लागत नाही, आणि शनिवारी कोणाच्या मयताला गेल्याशिवाय त्या घराशी नाते जुळत नाही हेही. तिथे काळे-तांबडे कपडे घालून अंत्यविधीला शेकडो माणसे जमतात. त्या दिवशी दुसरे काम ठेवू नये.

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली किंवा इतर संस्थांतली निवृत्त जोडपी अशा सेवेचा विचार करत असतील, तर कागदांविषयी. घर, बँक, कोर्ट यांसाठीचे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथेच करावे. परदेशी केले तर भारतीय दूतावासाची साक्षांकने आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, अशी धावपळ इथल्या मुलांच्या गळ्यात पडते. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. परदेशातून तो दूतावासाच्या अधिकाऱ्याच्या सहीने पाठवता येतो, पण दूतावास राजधानीत आणि तुम्ही चारशे किलोमीटरवर, हे ध्यानात ठेवून तारीख आधीच धरावी. भारतातले सिमकार्ड रिचार्ज करून चालू ठेवावे. ते मेले की बँकेचा ओटीपी मेला, आणि ओटीपी मेला की तुमचे पैसे तुम्हालाच दिसत नाहीत. उलट दिशेने, परदेशी नागरिक झालेली मराठी मंडळी, मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येऊन, इथे मिशनरी काम करू म्हणत असतील तर २०२१ च्या अधिसूचनेनुसार त्याला वेगळी परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर तर प्रचाराचा विषयच नको.

शेवटी निरोपाचे. टीकाकारांचा एक आक्षेप आम्हाला मान्य आहे. पाहुणे दीड वर्षात निघून जातात आणि मागे पोकळी राहते. ती राहते तेव्हा चूक एकच असते, म्हाताऱ्यांनी काम स्वतः केलेले असते, कारण शिकवण्यापेक्षा ते लवकर होते. रविवारच्या दानाची पाकिटे दोघांनी मिळून उघडायची, मोजायची आणि दोघांनी सही करायची असा या चर्चचा नियम आहे. ते दोघेही स्थानिक हवेत, एल्डरने शेजारच्या खुर्चीत हात बांधून बसायचे. जून १९८९ मध्ये घाना सरकारने या चर्चचे काम थांबवले, परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला, आणि बंदी उठली ती १९९० च्या नोव्हेंबरात. मधले जवळजवळ दीड वर्ष तिथल्या कुटुंबांनी घरोघरी उपासना चालू ठेवली.

म्हणून हुशार जोडपी शेवटचे सहा आठवडे नवे काहीच सुरू करत नाहीत. घरमालकांचे फोन, भाड्याच्या तारखा, यंत्रांच्या मागच्या तारखा, पंपाची खोली, पाइपांची संख्या आणि मिस्त्रीचे नाव हे सगळे एका वहीत उतरवतात, बँकेतली आपली सही काढून घेतात, आणि शेवटचे दोन आठवडे किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात असतात.

आपले,
दोन वाचक, सोलापूर